गंज रंगाखाली मरत नाही, लपतो

जुना ट्रक घ्यायला गेलेला माणूस आधी टायरांना हात लावून पाहतो. मग इंजिन सुरू करून धूर बघतो, गिअर टाकून बघतो, कागद तपासतो. विमा कधीपर्यंत आहे, फिटनेस कधीपर्यंत आहे, कर्जाचा बोजा उतरला की नाही, हे विचारतो. शेवटी खाली वाकून चेसिसकडे नजर टाकतो. तिथे ताजा काळा रंग चमकत असतो. ‘मालकाने गाडी जपलेली दिसते’ असे त्याला वाटते आणि बयाणा दिला जातो.

या लेखाचे म्हणणे नेमके उलटे आहे. जुन्या ट्रकच्या पोटाखालचा ताजा काळा रंग ही जपणुकीची खूण नाही. तो प्रश्न विचारण्याचा इशारा आहे. वरवरचा गंज हा काही मोठा रोग नव्हे. वेळेवर हात लावला तर तो एका टायरच्या किमतीपेक्षा कितीतरी कमी खर्चात आटोक्यात येतो. पण अडचणीच्या जागी बसलेला गंज न खरवडता, न सुकवता रंगाखाली झाकला, तर तोच पुढे चेसिस खातो. म्हणून जुन्या गाडीवर खर्च करायचा तर तो दिसणाऱ्या जागेआधी न दिसणाऱ्या जागेवर करावा.

भंडाऱ्यात हा प्रश्न एवढा मोठा का?

लोखंडाला गंजायला दोनच गोष्टी लागतात, पाणी आणि हवा. त्यात मीठ, खत किंवा आम्ल मिसळले की कामाचा वेग वाढतो. भंडारा जिल्ह्यात समुद्र नाही, पण बाकी सगळे आहे. पाऊस भरपूर, तलाव आणि बोड्या जागोजागी, आणि जून ते सप्टेंबर हवा दमट. गाडीखाली चिखलाचा थर बसला की तो ओल्या पोतेऱ्यासारखा काम करतो. पाऊस थांबून चार दिवस झाले तरी त्याखालचा पत्रा ओलाच असतो.

त्यात आपला माल पाहा. वैनगंगेची रेती अनेकदा ओलीच भरली जाते. हौद्याच्या फटींतून पाणी ठिबकत चेसिसवर, पाट्यांवर आणि ब्रेकच्या पाइपांवर येते. तुमसर, मोहाडी, साकोली, लाखांदूरकडचे धान आणि तांदूळ वाहून झाले की कोंडा आणि तणसाचे तुकडे कोपऱ्यात अडकतात आणि ओल धरून ठेवतात. युरिया आणि दुसरी रासायनिक खते तर हवेतली ओल स्वतःहून ओढून घेतात. फाटलेल्या पोत्यातून सांडलेले मूठभर खत हौद्याच्या सांध्यात राहिले, तर एका पावसात त्याचे खारट पाणी होऊन आत मुरते. चिखला, डोंगरी बुजुर्गकडचे मँगनीज असो की विटा आणि गिट्टी, प्रत्येक जड माल रंगाला ओरखडे पाडतो. गंजाला आत शिरायला तेवढे दार पुरते.

आणखी एक गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. भंडारा, लाखनी, साकोलीवरून जाणारा राष्ट्रीय महामार्ग ५३ गुजरातच्या हजिऱ्याला ओडिशाच्या पारादीपशी जोडतो. त्याची दोन्ही टोके समुद्रावर आहेत. आपल्याकडे ‘एमएच ३६’ची पाटी लावून उभी असलेली जुनी गाडी आधी बंदरावर मीठ, कोळसा किंवा खत वाहत असेल, तर समुद्राचा खारेपणा ती पोटात घेऊन आलेली असते. म्हणून गाडी आधी कोणत्या राज्यात, कोणत्या जिल्ह्यात नोंदलेली होती आणि कोणता माल वाहत होती, हा प्रश्न ‘किती किलोमीटर चालली’ इतकाच महत्त्वाचा आहे.

वरवरचा गंज म्हणजे किती?

सगळा गंज सारखा नसतो. त्याच्या तीन पायऱ्या आहेत आणि प्रत्येकीचा उपाय वेगळा आहे.

पहिली पायरी म्हणजे लाल-तपकिरी भुकटी. बोट फिरवले की बोटाला लागते, तारेचा ब्रश मारला की खाली घट्ट लोखंड लागते. हा वरवरचा गंज. तो घरी किंवा साध्या गॅरेजमध्ये थांबवता येतो.

दुसरी पायरी म्हणजे पोपडे. गंजाला मूळ लोखंडापेक्षा किती तरी जास्त जागा लागते. म्हणून रंग फुगतो, पापुद्रे सुटतात आणि खाली खड्डे दिसतात. इथे खरवडल्यावर पत्रा किती जाड उरला, ते जाणत्या कारागिराला दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नये.

तिसरी पायरी म्हणजे भोक पडणे, तडा जाणे किंवा एकावर एक बसवलेल्या दोन पट्ट्यांच्या मधला भाग फुगून त्या एकमेकींपासून सुटणे. इथे रंग, रसायन, ब्रश यांचा काही संबंध राहत नाही. ते काम कंपनीच्या अधिकृत वर्कशॉपचे आहे.

ओळखायची जुनी रीत आजही चालते. छोट्या हातोडीने हलके ठोकत जावे. घट्ट लोखंड ‘ठण्’ असा आवाज देते, पोखरलेले लोखंड ‘भद’ असा. शंका आली तिथे पेचकसाचे टोक दाबून पाहावे. टोक आत रुतले तर तो गंज वरवरचा नाही.

तो नेमका कुठे लपतो?

उघड्या जागेवरचा गंज ड्रायव्हरला रोज दिसतो, त्यामुळे त्यावर हात फिरतोच. घात करतात त्या अडचणीच्या जागा. त्यांची यादी मोबाइलमध्ये ठेवावी अशी आहे.

चेसिसची लांब पट्टी इंग्रजी ‘सी’ अक्षरासारखी असते. तिच्या खालच्या ओठावर आतल्या बाजूने माती साचते. हौदा आणि चेसिस यांच्यामध्ये लाकडाची किंवा रबराची पट्टी असते. ती पाणी शोषून बसते आणि तिच्याखालचा लोखंडाचा भाग वर्षानुवर्षे कोणी पाहत नाही. डिझेलच्या टाकीला आवळणाऱ्या पट्ट्यांखाली आणि टाकीच्या मागच्या बाजूलाही तीच गत. पाट्यांचे ब्रॅकेट, आडव्या पट्ट्यांचे सांधे, रिव्हेटच्या डोक्यांभोवतीची कड आणि मडगार्डची वरची बाजू या सगळ्या चिखलाच्या बैठका आहेत.

केबिनही सुटत नाही. पायाखालच्या रबरी मॅटखाली पावसाळाभर ओल असते. दाराच्या तळाला पाणी निघून जाण्यासाठी बारीक छिद्रे असतात. ती धुळीने बुजली की दार आतून पाण्याने भरते आणि खालून कुजते. पुढच्या काचेच्या रबराखाली, पायरीच्या मागे आणि हेडलाइटच्या खोबणीत पाहावे. बॅटरीच्या पेटीत आम्लाच्या वाफेने पत्रा झपाट्याने जातो. तिथे आधी बॅटरी काढून खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवावे लागते.

या जागा पाहायला आता खड्ड्यात उतरायचीही गरज नाही. मोबाइलचा टॉर्च लावून, फोन काठीला बांधून व्हिडिओ घेता येतो. फोनला जोडायचा लांब नळीचा छोटा कॅमेराही बाजारात मिळतो. तो दाराच्या छिद्रातून आणि चेसिसच्या भोकांतून आत जातो. त्याच जागांचे फोटो दर वर्षी काढून ठेवले, तर गंज थांबला की वाढला हे अंदाजाने नव्हे, डोळ्यांनी ठरवता येते.

काळा रंग, डांबर, जळके ऑइल यात चूक काय?

आपल्याकडे तीन उपाय सर्रास होतात. पहिला, गाडी धुऊन त्याच संध्याकाळी काळा रंग फवारणे. दुसरा, खालून डांबरासारखा जाड थर चढवणे. तिसरा, इंजिनमधून काढलेले जळके ऑइल डिझेलमध्ये मिसळून मारणे.

पहिल्या दोन्हींतली चूक एकच आहे. गंजाच्या भुकटीवर बसलेला रंग लोखंडाला धरत नाही, भुकटीला धरतो. भुकटी सुटली की रंगही सुटतो. मधे सापडलेल्या ओलीला बाहेर पडायला वाट नसते, पण कडेच्या बारीक फटीतून नवे पाणी आत जात राहते. वरून सारे काळेभोर आणि आत काम चालू. डांबराचा जाड थर चांगल्या, कोरड्या, प्रायमर लावलेल्या पत्र्यावर उपयोगी असतो. गंजलेल्या पत्र्यावर तोच थर झाकणाचे काम करतो. शिवाय अशा फवाऱ्यात पाणी निघून जाण्याची छिद्रे बुजतात ते वेगळेच.

जळक्या ऑइलबद्दल मात्र थोडे समजून बोलायला हवे. ड्रायव्हर मंडळी ते उगाच मारत नाहीत. तेल फटीत शिरते आणि पाण्याला अडवते, हा त्यांचा अनुभव खरा आहे. पण त्या ऑइलमध्ये इंजिनातली आम्ले आणि धातूची बारीक पूड असते. ते रबरी बुश आणि होजपाइप खराब करते. ब्रेकच्या लायनरवर उडाले तर गाडी थांबणार नाही. कातडीला ते घातक आहे, आणि पहिल्याच पावसात धुऊन ते कोणाच्या तरी बांधीत किंवा बोडीत जाते. तेलाची कल्पना बरोबर, तेल चुकीचे, असा हा प्रकार आहे. त्याच कामासाठी स्वच्छ, मेणासारखा थर धरणारे गंजरोधक फवारे मिळतात. त्यांच्याकडे पुढे येऊच.

मग योग्य रीत कोणती?

क्रम महत्त्वाचा आहे : धुणे, सुकवणे, खरवडणे, गंज बांधणे, प्रायमर, रंग. यातली सुकवण्याची पायरी सर्वांत जास्त वेळा चुकवली जाते आणि सगळा खर्च तिथेच वाया जातो.

धुताना पाण्याची नळी अडचणीच्या जागेत आतून बाहेर अशी फिरवावी, म्हणजे माती आणखी आत दाबली जात नाही. लाकडाचा कोंडा, तणस आणि खताचे खडे आधी हाताने काढावेत. वायरिंगच्या जोडांवर आणि चाकांच्या बेअरिंगवर जोराचा फवारा मारू नये. दाराची आणि चेसिसची पाणी जाण्याची छिद्रे तारेने मोकळी करावीत.

सुकवायला आपल्याकडे दोन फुकटची साधने आहेत, एक ऊन आणि दुसरे टायरवाल्याचा कॉम्प्रेसर. पंक्चरच्या दुकानात हवा मारून सांध्यांतले, रिव्हेटभोवतीचे, पट्ट्यांमधले पाणी उडवून घ्यावे. त्याआधी कॉम्प्रेसरच्या टाकीतले पाणी सोडायला सांगावे, नाहीतर हवेबरोबर तेच पाणी आत जाते. मग गाडी पूर्ण एक दिवस उन्हात उभी करावी.

खरवडताना सगळे लोखंड चांदीसारखे चमकवण्याचा हट्ट नको. सुटी भुकटी आणि पोपडे निघाले पाहिजेत, घट्ट बसलेला पातळ गंज राहिला तरी चालतो. हात जात नाही तिथे बाटली धुण्याचा ब्रश, जुना टूथब्रश किंवा लांब दांड्याचा तारेचा ब्रश वापरावा. गोल पाइप, पट्टी किंवा ब्रॅकेटच्या मागे कापडी घासपेपरची लांब पट्टी अडकवून, ताक घुसळताना रवीची दोरी ओढतात तशी दोन्ही टोके आळीपाळीने ओढावीत. जिथे बोटही जात नाही तिथेही ही पट्टी जाते.

आवळा काळा पडतो, तेच रसायन

खरवडल्यावर उरलेल्या पातळ गंजासाठी बाजारात ‘रस्ट कन्व्हर्टर’ मिळते. ते गंज काढत नाही, तर त्याचे रूप बदलते. त्यातल्या एका प्रकारात टॅनिक आम्ल असते. लोखंडाच्या कढईत आवळा शिजवला की तो काळा पडतो, हे प्रत्येक घराला माहीत आहे. आवळ्यात आणि हिरड्यात टॅनिन असते. त्याचा लोखंडाशी संयोग झाला की काळा पदार्थ तयार होतो. हिरडा आणि लोखंड यांच्यापासून पूर्वी शाई केली जायची ती याच गुणामुळे. कन्व्हर्टर लावल्यावर लाल गंज काळा होतो, तो असाच. तो काळा थर पाण्यात विरघळत नाही आणि रंगाला धरायला जागा देतो.

दुसऱ्या प्रकारात फॉस्फरिक आम्ल असते. त्याने लोखंडावर फॉस्फेटचा थर बसतो. दिल्लीचा लोहस्तंभ सुमारे १६०० वर्षे उघड्यावर उभा आहे. त्याच्या लोखंडात फॉस्फरसचे प्रमाण जास्त आहे आणि त्यातून पृष्ठभागावर तयार झालेला फॉस्फेटचा पातळ थर त्याला राखतो, असे धातुशास्त्रज्ञ सांगतात. अर्थात, स्तंभाला चिखल, खत आणि गिट्टी यांचा सामना करावा लागत नाही. म्हणून ट्रकवर कन्व्हर्टर लावून थांबता येत नाही, वर प्रायमर आणि रंग हवाच.

कन्व्हर्टरचे दोन पातळ हात द्यावेत, एक जाड नको. डब्यावर लिहिलेला वेळ पाळावा. काही प्रकारांत नंतर पाण्याने पुसायचे असते, काहींत नसते, हेही डब्यावरच असते. त्यानंतर मेटल प्रायमर. नेहमीचा लाल ऑक्साइड स्वस्त आहे आणि चालतो, पण त्यावर रंगाचा हात दिला नाही तर तो ओल आत घेतो. लाल प्रायमर मारून गाडी तशीच रस्त्यावर काढणे म्हणजे अर्धे काम करून पूर्ण पैसे घालवणे. जिथे गिट्टी-रेतीचा मारा जास्त, तिथे दोन डब्यांतले मिश्रण करून लावायचा इपॉक्सी प्रायमर जास्त टिकतो.

जिथे ब्रशच जात नाही तिथे काय?

बंद पोकळ्या, दाराचे तळ आणि दोन पट्ट्यांमधल्या फटी यांत रंग मारायचाच नाही. रंग तिथे सारखा बसत नाही, आणि पाण्याचे कन्व्हर्टर फटीत ओतले तर उलट ओलच आत राहते. अशा जागी मेणासारखा किंवा तेलकट गंजरोधक फवारा वापरावा. त्याच्या डब्याला लांब, बारीक नळी जोडता येते. नळी छिद्रातून शेवटपर्यंत आत सरकवायची आणि फवारत हळूहळू बाहेर ओढायची. हा पदार्थ स्वतःहून फटीत चढतो आणि कडक न होता ओलसर राहतो, म्हणून धक्क्यांनी तडकत नाही. फवारल्यावर पाणी जाण्याची छिद्रे पुन्हा एकदा तारेने मोकळी करावीत. हा उपाय कायमचा नाही. दर वर्षी पावसाळ्याआधी तो पुन्हा करावा लागतो. पण याला फार वेळ लागत नाही.

कुठे हात लावू नये?

काही जागा मोहाच्या आहेत आणि धोक्याच्याही. हवेच्या ब्रेकची टाकी खोल गंजली असेल तर तिला वेल्डिंग करू नये, ती बदलावी. तिच्यात आतून पाणी साचते, म्हणून तिचा ड्रेन रोज ओढायची सवय हाच खरा उपाय. ब्रेकच्या लोखंडी पाइपावर पोपडे दिसले तर घासत बसू नये, पाइप बदलावा. डिझेलच्या टाकीजवळ ग्राइंडर किंवा फिरता ब्रश लावू नये. टाकी रिकामी असली तरी आतली वाफ पेटू शकते. चेसिसच्या ओठावर मनाने वेल्डिंग करू नये आणि भोक पाडू नये, तिथूनच तडे सुरू होतात.

चेसिस क्रमांक कोरलेल्या जागी तर ब्रशही हलका चालवावा. तो क्रमांक घासला गेला किंवा जाड रंगाखाली बुजला, तर फिटनेस आणि मालकी हस्तांतराच्या वेळी खोडसाळपणाचा संशय येतो. तिथे फक्त स्वच्छ फडके आणि ग्रीसचा पातळ हात पुरे.

आणि गाडीखाली जाताना नुसत्या जॅकवर विश्वास नको. चाकांना गुटके आणि चेसिसखाली भक्कम स्टँड हवेत. डोळ्यांना चष्मा आणि तोंडाला मास्क हवा. गंजाचा एक कण डोळ्यात गेला तर चार दिवसांची मजुरी जाते, कधी डोळाही.

कधी करायचे?

इथे आपले वेळापत्रक चुकते. पावसाळ्यात रेतीघाट बंद असतात, गाडी रिकामी असते, म्हणून अनेक जण आषाढ-श्रावणात रंगकाम काढतात. पण तेव्हा हवा इतकी दमट असते की खरवडलेल्या लोखंडावर काही तासांत नवा गंज धरतो. रंग त्याच्यावरच बसतो.

खरवडणे आणि रंगवणे हे काम एप्रिल-मेचे. आपल्या उन्हाळ्याला आपण वर्षभर शिव्या देतो, पण लोखंड कोरडे करायला त्याच्यासारखा कारागीर नाही. फक्त भर दुपारी तापलेल्या पत्र्यावर रंग मारू नये, सकाळी लवकर मारावा. पावसाळ्यात फक्त देखभाल करावी. चिखल धुणे, मॅट उचलून केबिन सुकवणे, ड्रेन ओढणे. आणि दसऱ्याला गाडीची पूजा होतेच. हार घालण्याआधी खालून धुऊन, टॉर्च मारून, यादीतल्या जागांचे फोटो काढले, तर धानाचा हंगाम सुरू होण्याआधी गाडीची खरी प्रकृती कळते.

‘दोन दिवस गाडी उभी ठेवू?’

हा आक्षेप खरा आहे. एकाच गाडीवर घर चालवणाऱ्या मालकाला हप्ता चुकवता येत नाही. उन्हाळी धानाची वाहतूक नेमकी मे-जूनमध्ये येते. त्याला ‘सगळे सोडून गंज घास’ म्हणणे सोपे आहे. म्हणून सगळी गाडी एकदम काढूच नये. एका खेपेच्या सुट्टीत टाकीचा भाग, पुढच्या वेळी पाट्यांचे ब्रॅकेट, त्यानंतर केबिन, असे तुकडे पाडावेत. एक जागा पूर्ण आणि कोरडी करणे हे सगळ्या गाडीला ओला काळा रंग फासण्यापेक्षा केव्हाही बरे.

पण ‘दोन वर्षांत विकायचीच आहे, मग कशाला?’ हा दुसरा आक्षेप मान्य करता येत नाही. तो गंज गाडीबरोबर पुढच्या मालकाकडे जातो, आणि तो बहुधा आपल्यासारखाच कर्ज काढून गाडी घेणारा असतो. गाडीखाली झोपणारा ड्रायव्हर आणि हौद्यात बसून जाणारा हमाल यांना तर निवडीचा हक्कच नसतो. गंजाची भरपाई विमाही देत नाही. झीज आणि घसारा मोटार विम्यात धरला जात नाही. मालवाहू गाडीचे फिटनेस आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी करावे लागते. म्हणजे जुन्या गाडीला दरवर्षी परीक्षा आहेच. त्या परीक्षेत दिवे आणि हॉर्न यांच्याइतकाच वेळ टॉर्च आणि हातोडीलाही मिळावा, ही अपेक्षा गैर नाही. कर्ज देणाऱ्यांच्या मूल्यांकनातही चेसिसच्या आतल्या बाजूचे फोटो सक्तीचे करता येतील. त्याला खर्च नाही, फक्त वाकावे लागेल.

मोठ्या कंपन्यांनाही हा धडा महागात पडला आहे. अमेरिकेत टोयोटाच्या टॅकोमा पिकअपच्या चेसिस आतून गंजल्या. २००८ मध्ये कंपनीला १९९५ ते २००० सालच्या मॉडेलसाठी वॉरंटी वाढवून काही गाड्या परत घ्याव्या लागल्या. २०१६ मध्ये टॅकोमा, टुंड्रा आणि सेक्वोया मिळून सुमारे १५ लाख गाड्यांसाठी ३.४ अब्ज डॉलरपर्यंतचा समझोता झाला. तिथे हिवाळ्यात रस्त्यांवर बर्फ वितळवायला मीठ टाकतात. आपल्याकडे मीठ नाही, पण खत आणि ओली रेती आहे. आणि आपल्या जुन्या ट्रकची चेसिस गंजली तर ती बदलून द्यायला कोणतीही कंपनी येणार नाही.

भंडारा जिल्हा लोखंड ओळखणारा आहे. वरठीला पोलाद तयार होते, गडेगावच्या अशोक लेलँडच्या कारखान्यात ट्रकचे भाग तयार होतात, आणि शहरातले कारागीर पिढ्यानपिढ्या पितळेची भांडी घडवत आले आहेत. धातूला काय लागते आणि काय सोसत नाही, हे इथल्या हातांना शिकवावे लागत नाही. हे ज्ञान फक्त गाडीच्या खालच्या बाजूला, अंधारात न्यायचे आहे.

म्हणून पुढच्या वेळी जुना ट्रक पाहायला जाल तेव्हा टायरांआधी खाली वाका. ताजा काळा रंग दिसला तर खूश होऊ नका. मालकाला विचारा की रंगाआधीचे फोटो आहेत का. असतील तर तो दाखवेल. नसतील तर हातोडी काढा आणि ठोकून आवाज ऐका.